वाचकांचे प्रश्न : चार्जिंग ८० टक्क्यांवर अडकतं

प्रश्न : सोलापुरात मे महिन्यात दुपारी आयफोन ८० टक्क्यांपुढे चार्जच होत नाही. बॅटरी बदलू का?

उत्तर : लगेच नको. अ‍ॅपलने वापरासाठी ३५ अंशांपर्यंतची हवा योग्य सांगितली आहे. आपल्याकडे पारा चाळिशी सहज ओलांडतो. बॅटरी तापली की सॉफ्टवेअरच ८० टक्क्यांवर चार्जिंग रोखतं. कव्हर काढा, फोन चादरीच्या घडीवर न ठेवता उघड्या फरशीवर पंख्याखाली ठेवा. वायरलेस चार्जर उन्हाळाभर कपाटात. पहाटे चार्ज करणं उत्तम. फ्रिजचा उपाय मात्र भलताच : बाहेर काढताच फोनमध्ये दव धरतं. गारव्यातही अडकला, तर सेटिंग्जमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा लावलेली नाही ना, पाहा. पाठ फुगली असेल तर चार्जिंग तत्काळ बंद. दाबू नका, टोचू नका.