एक्टोपिक ठोके वाढलेत? आधी मोजा

हृदयाचा ठोका चुकल्यासारखा वाटतो, पण तो ‘चुकत’ नाही, वेळेआधी पडतो; हाच एक्टोपिक ठोका. त्यानंतर खंड पडतो, हृदयात जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका छातीत जोरात आपटतो. घाबरवतो तो हाच.

पहिलं काम २४ तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर लावून दिवसभराचा ईसीजी नोंदवणारं यंत्र. दिवसाला साधारण एक लाख ठोके धरले तर दहा हजार एक्टोपिक म्हणजे १० टक्के. एवढा किंवा जास्त भार बराच काळ राहिला तर हृदय कमकुवत होऊ शकतं, म्हणून सोबत इको (हृदयाची सोनोग्राफी) हवाच. पोटॅशियम, मॅग्नेशियम, थायरॉइड, हिमोग्लोबिनही तपासा. होल्टर लावलेल्या दिवशी पडून राहू नका. रोजच्यासारखं इंदूरच्या राजवाड्यापर्यंत चाला, जिने चढा, धडधड झाली की वेळ लिहा. बोटाच्या ऑक्सिमीटरवर मात्र विसंबू नका. लवकर पडलेला ठोका नाडीपर्यंत नीट पोचत नाही, मग ८० चे ४० दिसतात आणि जीव उगाच टांगणीला लागतो.

सराफ्यातलं, म्हणजे इंदूरच्या खाऊबाजारातलं, रात्री उशिराचं खाणं, वर कडक चहा, मग अपुरी झोप: दोन-तीन आठवडे हे बंद ठेवून फरक बघा. दारूही. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन ठोके वाढवू शकतं, दुकानदाराला विचारून घ्या. मॅग्नेशियम मनाने सुरू करू नका, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मुळीच नाही. आणि बीटा ब्लॉकर (ठोके शांत करणारं औषध) चालू असेल तर ते एकदम सोडू नका.

शुद्ध हरपली किंवा छातीत दुखलं तर लगेच इस्पितळ गाठा. व्यायाम करताना ठोके वाढत असतील किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. औषधांनी भार उतरला नाही तर नळी घालून हृदयातली बिघडलेली जागा निकामी करण्याच्या उपचाराबद्दल, म्हणजे अ‍ॅब्लेशनबद्दल विचारा.