बडोद्यात विमानांवर रेडिओ कार्यक्रम करायचा असेल तर

तुम्ही विचारलंय की बडोद्याच्या कम्युनिटी रेडिओवर आठवड्याला अर्धा तास मराठी कार्यक्रम मिळतोय, त्यात विमानविश्वातल्या बातम्या, कंट्रोल टॉवरचं संभाषण आणि श्रोत्यांचे फोन घ्यावेत का. असा कार्यक्रम मी काही वर्षं केलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बातम्या काढूनच टाका. कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत; आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी ऐकवायची तेवढी मुभा आहे. टॉवरचं बोलणंही नको. ते ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर एएममध्ये चालतं, घरच्या एफएम सेटवर येत नाही, म्हणून ऐकवायचा मोह होतो. पण ते जाहीर प्रसारणासाठी नसतं, आणि आपल्याकडे तर हवाई दलाचाही तळ आहे. लष्करी विमान कधी आलं, कधी गेलं, हे श्रोत्याने फोनवर सांगितलं तरी प्रसारित करू नका. कार्यक्रम आधी रेकॉर्ड करत असाल तर तेवढा भाग सरळ कापता येतो.

मग बोलायचं कशावर? डोक्यावरून जाणाऱ्या विमानावर. दांडिया बाजारातल्या आजींना पंख्याच्या विमानाचा आवाज ओळखीचा असतो, नाव माहीत नसतं. तिथून सुरुवात करा. हवाई दलाची जुनी अ‍ॅव्रो आणि तिच्या जागी आलेलं सी-२९५, दोन्ही दोन इंजिनांची टर्बोप्रॉप, म्हणजे इंजिनाने पंखा फिरवणारी. अ‍ॅव्रोच्या पंख्याला चार पाती, सी-२९५ च्या पंख्याला सहा. सी-२९५ ला मागे उतरता दरवाजा आहे, त्यातून जीप थेट आत जाते. एकूण ५६ विमानांचा करार, त्यांतली १६ स्पेनमधून आणि ४० आपल्या बडोद्यात. एवढ्यावर एक भाग आरामात होतो. दुसरा धावपट्टीच्या आकड्यांवर करा. हरणीच्या विमानतळाच्या धावपट्टीवर ०४ आणि २२ का लिहिलंय? होकायंत्राच्या अंशांतलं शेवटचं शून्य गाळलं की हा आकडा मिळतो. विमान शक्यतो समोरचा वारा घेऊन उतरतं. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा, म्हणून २२, म्हणजे २२० अंश, नैर्ऋत्येकडे तोंड. हे एकदा कळलं की माणूस गच्चीवर उभा राहून वारा बघायला लागतो. मला या कार्यक्रमात सगळ्यात जास्त आनंद याचाच झाला.

फोन घेतलेत की शिवकर बापूजी तळपद्यांचा प्रश्न येणारच. १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर त्यांचं विमान उडालं, सयाजीराव महाराज हजर होते, ही कथा बडोद्यात जिव्हाळ्याची आहे. फोन करणाऱ्याला तोडू नका, पण स्पष्ट सांगा: त्या उड्डाणाचा पक्का समकालीन पुरावा नाही, आणि या कथेसोबत नेहमी ज्याचा दाखला दिला जातो त्या 'वैमानिक शास्त्र' या संस्कृत ग्रंथातली विमानं उडू शकणार नाहीत असा निष्कर्ष बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये काढलाय. तळपद्यांच्या प्रयोगशील वृत्तीबद्दल आदराने बोलून हे सांगता येतं.

अपघाताच्या वेळी मात्र फार जपा. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं ड्रीमलायनर कोसळलं, २६० माणसं गेली, त्यात आपल्या गुजरातची कितीतरी. अशा आठवड्यात वैमानिक चुकला की इंजिन बंद पडलं, याचे तर्क माइकवर करू नका. गेलेल्यांच्या घरचं कुणीतरी ऐकत असतं. तपास कसा चालतो ते सांगा. विमानातले दोन रेकॉर्डर, म्हणजे ब्लॅक बॉक्स, काय नोंदवतात, प्राथमिक अहवाल ३० दिवसांत अपेक्षित का असतो, आणि तपासाचा उद्देश दोष देणं नसून पुढचा अपघात टाळणं हा कसा असतो. लोकांना तेव्हा हेच हवं असतं आणि हे कुणी शांतपणे सांगत नाही.

पाहुण्यांची घाई नको. पहिले काही भाग एकट्याने करा. स्क्रिप्ट लिहून मोठ्याने वाचून बघा, जीभ अडखळेल तिथे वाक्य तोडा. धावपट्टीच्या भागाचा मसुदा झाला की इथे टाका, मी वाचून सांगेन.