कोलकासला जाण्यापूर्वी

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

डिसेंबरात तू मेळघाटात, कोलकासच्या वनविश्रामगृहात राहायला जाणार आहेस आणि तिथे फोनला हात लावायचा नाही असे ठरवले आहेस, हे वाचून मनापासून आनंद झाला. परतवाडा सोडून घाट लागला की रेंज तशीही भरवशाची राहत नाही. पण रेंज नाही म्हणून फोन गप्प असणे वेगळे आणि आपण ठरवून तो बंद करणे वेगळे, कारण पहिल्या प्रकारात माणूस रेंज शोधत अंगणभर फिरत राहतो.

म्हणून तयारी घरीच कर. कुठे आहेस आणि कधी परतणार हे आईवडिलांना नीट सांग, आरक्षणाची पावती छापून घे, रोख पैसे जवळ ठेव आणि मनगटी घड्याळ विसरू नकोस. हे घड्याळ मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. वेळ पाहण्यासाठी उघडलेला फोन क्वचितच वेळ पाहून बंद होतो. फोन सोबत असू दे, पण पूर्ण बंद करून बॅगेच्या तळाशी ठेव. चालू ठेवलास तर तो रेंज शोधत बॅटरी संपवील आणि खरोखर अडचण आली तर निरुपयोगी ठरेल.

पहिली संध्याकाळ जड जाईल. खाली सिपना नदी वाहत असेल, सागाची मोठाली पाने वाजत असतील, आणि तरीही हात सवयीने खिशाकडे जाईल. त्या वेळी जाडजूड पुस्तक उघडून ती पोकळी भरू नकोस, असा माझा आग्रह आहे. तो कंटाळा तसाच सोसलास, तर थोड्या वेळाने पानांच्या आवाजातून भेकर या लहान हरणाचे भुंकणे वेगळे काढता येईल.

रात्री लवकर झोप आली तर नवल मानू नकोस. कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध केला होता. एक आठवडा विजेच्या दिव्यांविना तंबूत राहिलेल्या माणसांच्या शरीरात झोपेशी निगडित मेलाटोनिन सुमारे दोन तास लवकर स्रवू लागल्याचे त्यात आढळले.

मात्र झोपण्यापूर्वी आकाशासाठी वेळ राख. शक्यतो अमावास्येच्या आसपासचेच दिवस निवड. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि फोनचा पडदा क्षणभर उजळला तरी ती बरीचशी विस्कटते. दिवे मालवून विश्रामगृहाच्या आवारातच बस. वाघाचे रान आहे, रात्री बाहेर पाऊल टाकू नकोस. पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका दिसेल, त्यामागून रोहिणी आणि मृग वर येतील. डोळे पुरेसे सरावले की माथ्याजवळ देवयानी तारकासमूहात धुरकट ठिपका शोध. ती आपल्या आकाशगंगेसारखीच एक दीर्घिका, म्हणजे असंख्य ताऱ्यांचा प्रचंड समूह आहे आणि तिचा प्रकाश तिथून सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. फोनने त्याचे छायाचित्र काढायचा मोह होईल, पण त्यासाठी फोन उघडलास की तो ठिपका दिसण्याजोगे डोळेच राहणार नाहीत.

परतताना परतवाड्याला फोन सुरू केलास की साठलेले निरोप एकदम कोसळतील. फक्त घरी फोन करून सुखरूप असल्याचे कळव. बाकीचे निरोप दुसऱ्या दिवशी सकाळी वाचलेस तरी चालतील.

तुझा हितचिंतक