१६ जीबी रॅम लावली, पण वापरायला ७.९ जीबीच का मिळते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खानापुरात घरीच पीसी जोडला, दहाव्या पिढीचा आय५ प्रोसेसर, रॅमसाठी दोन स्लॉट म्हणजे खाचा असलेला एच४१० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक, म्हणजे रॅमच्या पट्ट्या. विंडोज १० मध्ये 'इन्स्टॉल्ड १६ जीबी (७.९ जीबी युजेबल)' असं येतंय आणि दुकानदार म्हणतोय एक रॅम गेली, दुसरी घ्या.

इतक्यात पैसे घालू नका. बेळगावच्या शहापुरात माझं रिपेरीचं काम चालतं, तिथं असे पीसी येतच असतात आणि त्यात रॅम खरोखर मेलेली क्वचितच निघते. प्रत्येक स्टिकवर एक बारकी चिप असते, तिच्यात साइज आणि स्पीड लिहिलेला असतो. बोर्ड तो वेगळ्या तारांवरून वाचतो. म्हणून १६ दिसतं. पण खरा डेटा ज्या पिनांतून जातो त्यातली एखादी जरी लागली नाही, तर बोर्ड ती अख्खी स्टिक बाजूला ठेवतो. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' बघा. तिथं ८ जीबीच्या आसपास आकडा असेल तर हेच झालंय. स्क्रीनवर चित्र दाखवणारं ऑनबोर्ड ग्राफिक्स थोडी मेमरी खातं, पण ८ जीबी नाही खात.

विंडोजचा संशय एकदाच फेडून टाका. एमएसकॉन्फिग (msconfig, विंडोज सुरू होतानाच्या सेटिंगचं टूल) उघडून बूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम मेमरी'वर टिक असेल तर काढा, तिनं विंडोज ठरावीक आकड्यापुरतीच रॅम वापरतं. व्हिडिओ बघून लोक ती टिक मारतात आणि विसरून जातात. ३२ बिट विंडोज असतं तर ४ जीबीच्या आतच अडकलं असतं, त्यामुळे तो प्रश्न तुमचा नाही. (जुन्या विंडोज ७ होम बेसिकला मात्र ६४ बिटमध्येही ८ जीबीचीच मर्यादा होती.)

आता पीसी बंद करा, वायर भिंतीतून काढा. एक स्टिक पहिल्या स्लॉटात लावून चालू करा, मग तीच दुसऱ्या स्लॉटात. नंतर दुसऱ्या स्टिकचं तसंच. एकच स्टिक दोन्हीकडे रुसली तर दुकानदार खरा. दोन्ही स्टिक एका स्लॉटात चालतात आणि दुसऱ्यात नाही, असं निघालं तर स्टिकला दोष देऊ नका.

त्याआधी साफसफाई. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात घरात सादळ किती असते ते तुम्हाला सांगायला नको. स्टिकच्या कडेच्या सोनेरी पट्ट्यांवर पांढऱ्या खोडरबरानं हलका हात फिरवा, भुसा झटका, स्लॉटात ब्रश मारा. बसवताना दोन्ही टोकं सारखी दाबा. बऱ्याच बोर्डांना एकाच बाजूला कुलूप असतं, तिकडचं 'टक' ऐकून लोक थांबतात आणि दुसरी बाजू केसभर वर राहते.

तरी स्लॉट उठला नाही तर नजर प्रोसेसरकडे वळवा. रॅमचा कंट्रोलर, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण करणारा भाग, प्रोसेसरमध्येच असतो. आधी प्रोसेसरवरचा पंखा म्हणजे कूलर सैल करून बघा, एका कोपऱ्यात जास्त आवळला असेल तर प्रोसेसर सॉकेटवर, म्हणजे बोर्डावरच्या त्याच्या पिनांच्या जागेवर, सारखा बसत नाही. मग प्रोसेसर उचला आणि सॉकेटवर मोबाईलची टॉर्च तिरकी धरा. सगळ्या पिना एका दिशेला चमकतात, वाकलेली तेवढी वेगळी दिसते. बटण दाबून शिसं पुढं येणारी पेन्सिल असते ना, तिच्यातलं शिसं काढून टाका, मग रिकाम्या टोकानं पिन अलगद सरळ करता येते. हात थरथरत असेल तर हे करूच नका, बोर्ड घेऊन दुकान गाठा.

सॉकेटच्या वाकलेल्या पिना बहुतेक वेळा वॉरंटीत बसत नाहीत. म्हणून बोर्ड कुणाच्या हातात देण्याआधी सॉकेटचा जवळून फोटो काढून ठेवा आणि देताना त्यांच्यासमोरच दाखवा.