आधी कपाटाचं कुलूप काढा

प्रश्न: मुलगा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गणिताची, एम-थ्रीची केटी राहिली आहे आणि हा रात्र रात्र लिनक्सच्या कर्नलमध्ये डोकं घालून बसतो. सुट्टीत घरी आलाय. परवा 'बाबा, डिस्कवर नसलेलं फोल्डर दाखवतो' म्हणत आला. मी लॅपटॉप काढून कपाटात कुलूप लावून ठेवला. तेव्हापासून बोलत नाही. लिनक्स केव्हाच तयार झालंय, हा त्यात काय करणार? गेटला बसवू की एमबीएला? – एक वडील, बार्शी

उत्तर: तुमचं पत्र दोनदा वाचलं. केटीपेक्षा मला त्या कुलपाची काळजी वाटते. वीस वर्षांचा मुलगा स्वतः केलेलं काही दाखवायला बापाकडे आला. या वयात मुलं असं फार वेळा येत नाहीत हो. तो बोलत नाही यात नवल काय?

त्यानं काय केलं होतं ते सांगतो. लिनक्स ही कॉम्प्युटर चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम आणि कर्नल हा तिचा गाभा, हार्डवेअर आणि प्रोग्रॅम यांच्या मधे बसलेला. फाइली-फोल्डरं सांभाळणारी फाइल सिस्टीम एरवी या कर्नलच्या पोटात असते. 2005 पासून लिनक्समध्ये 'फ्यूज' नावाची सोय आहे. त्यामुळे ती साध्या प्रोग्रॅमसारखी बाहेर लिहिता येते. फोल्डर उघडलं की कर्नल तुमच्या मुलाच्या प्रोग्रॅमला विचारतो, आत काय आहे? तो जे सांगेल ते पडद्यावर दिसतं.

'लिनक्स केव्हाच तयार झालंय' हा समज मात्र साफ चुकीचा आहे. कर्नलनं हार्डवेअरची वाटणी सुरक्षित करावी, ते वापरायचं कसं हे प्रोग्रॅमनं ठरवावं, असा विचार 1995 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत एंगलर आणि काशूक या संशोधकांनी 'एक्सोकर्नल'मधून मांडला. तीस वर्षं झाली, तरी कर्नल किती मोकळा करायचा यावर काम चालूच आहे. 2014 मध्ये लिनक्समध्ये 'ईबीपीएफ' आलं. बाहेरून आलेला छोटा प्रोग्रॅम कर्नल आधी तपासून घेतो: भलत्या मेमरीला हात लावत नाही ना, कुठे अडकून बसणार नाही ना, मगच चालवतो. हल्लीच्या अँड्रॉइड फोनमध्ये कोणत्या अ‍ॅपनं किती डेटा खाल्ला याचा हिशेब असाच ठेवला जातो. 2024 च्या 6.12 आवृत्तीपासून तर प्रोसेसरवर पुढचा नंबर कोणाचा, हे ठरवणारा शेड्युलरसुद्धा आपला आपण लिहून चढवता येतो. तो फसला तर कर्नल स्वतःच्या शेड्युलरवर परततो, मशीन बंद पडत नाही. शिकणाऱ्या पोरासाठी ही केवढी मोठी सोय आहे!

गेट द्यायची तर खुशाल द्यावी, ऑपरेटिंग सिस्टीम हा त्यातलाच विषय आहे. एमबीए तुमच्या डोक्यातलं आहे, त्याच्या नाही. कॅम्पसला येणाऱ्या बहुतेक कंपन्या त्याला यातलं काही विचारणार नाहीत, हे त्यालाही माहीत असू द्या. नोकरी त्याला स्वतःचं काम दाखवून शोधावी लागेल. केटी मात्र येत्या परीक्षेत सुटलीच पाहिजे, तिथे मी त्याची बाजू घेणार नाही.

आज जेवणं झाली की लॅपटॉप त्याच्या हातात द्या आणि ते फोल्डर दाखवायला सांगा. कळलं नाही तर पुन्हा विचारा. पुढचं पत्र मला त्याच्या हातचं हवंय.