बायपोलर (मूड कधी खूप चढण्याचा, कधी खूप खचण्याचा आजार) आहे आणि बाळंतपणानंतर डिप्रेशन आलंय. बाळाला सांभाळत यातून कसं सावरायचं?

सगळ्यात आधी झोप. सलग काही रात्री जागरण झालं की बायपोलरमध्ये मॅनिया, म्हणजे अति उत्साहाची बेभान अवस्था, उसळू शकतो. म्हणून रात्रीचं निदान एक दूध दुसऱ्या कोणीतरी पाजावं, म्हणजे तुम्हाला सलग चार-पाच तास मिळतील. झोप हा तुमच्या उपचाराचाच भाग आहे, घरच्यांना अगदी ठणकावून सांगा.

डॉक्टर नवे असतील तर बायपोलरचं पहिल्याच भेटीत सांगा. नुसत्या अँटिडिप्रेसंट गोळ्या सुरू झाल्या तर काहींचा मूड उलट मॅनियाकडे झुकतो, त्यामुळे बहुधा सोबत मूड स्थिर ठेवणारं औषध लागतं. अंगावर पाजताय म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका. काही औषधं स्तनपानात चालतात. लिथियम हे मूड स्थिर ठेवणारं औषध मात्र दुधात बऱ्यापैकी उतरतं, त्यामुळे त्याबद्दल मानसोपचारतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ दोघांशी बोला. आणि वरचं दूध द्यावं लागलं तरी आई म्हणून तुम्ही कुठेही कमी पडत नाही, हे मनापासून सांगते.

झोपेशिवायही प्रचंड उत्साह, भास, विचित्र संशय, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार, यातलं काहीही जाणवलं तर लगेच इस्पितळ गाठा, बाळाला विश्वासू माणसाकडे द्या. हा पोस्टपार्टम सायकोसिस, म्हणजे बाळंतपणानंतर वास्तवाचं भान सुटण्याचा गंभीर आजार, असू शकतो. एरवी तो हजारात १-२ बाळंतिणींना होतो, बायपोलर असेल तर धोका कितीतरी जास्त. वेळेवर उपचार मिळाले तर बाई बरी होते. ही लक्षणं जोडीदाराला आजच सांगून ठेवा, कारण त्या अवस्थेत आपलं आपल्याला कळेलच असं नाही.