मोठी कॅराव्हॅन विकत घ्यावी का?

प्रश्न जळगावच्या सहा जणांच्या कुटुंबाचा आहे: बेड, किचन, टॉयलेट असलेली बसएवढी कॅराव्हॅन घ्यावी का? वर्षाला चाळीस-पन्नास रात्री गाडीत काढणार नसाल तर नको. आधी चार दिवस भाड्याने फिरवून बघा, तेही मे महिन्यात.

कारण खरी परीक्षा एसीची. तेव्हा जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो, पत्रा रात्रीपर्यंत तापलेला असतो आणि कॉम्प्रेसर कट-ऑफच घेत नाही, म्हणजे मध्ये थांबतच नाही. दीड टनाचा एसी सुमारे १,५०० वॅट ओढतो, म्हणजे आठ तासांना १२ युनिट. १२ व्होल्ट, २०० एएचच्या (अँपिअर-तास) चार लेड-ॲसिड बॅटऱ्यांत मिळून ९.६ युनिट, त्या निम्म्याखाली उतरवल्या तर लवकर बसतात, म्हणजे वापरायला ४.८ युनिटच. जेमतेम तीन तास! उरलेली रात्र जनरेटर किंवा बाहेरचं कनेक्शन. छतावरच्या सोलरवर भिस्त ठेवू नका.

एकूण वजन ७,५०० किलोंच्या वर असेल तर साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स चालत नाही. जुनी बस आतून बदलून घ्यायची असेल तर आरटीओची परवानगी आधी, काम नंतर आणि आरसीवर नोंद. नाहीतर विम्याचा दावा अडकतो. तोरणमाळच्या घाटात न्यायची असेल तर लांबी कमीच ठेवा.